अंडी पिवळीच का राहिली? रेशीमकिडा आणि आरएनएला धरणारी प्रथिनं



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दहावीचे उन्हाळी जादा तास चालू होते. आमची शाळा अंबड तालुक्यात. इथं निम्म्या पोरांच्या घरी कापूस, आणि अलीकडं बऱ्याच जणांच्या घरी तुती. एक मुलगा बुटाच्या खोक्यात पंधरा-वीस रेशीम कोष घेऊन आला आणि थेट विचारलं, "सर, ह्यातून नर निघंल का मादी?"

म्हणलं, निघू दे, मग बघू. खोकं विज्ञानाच्या खोलीत ठेवलं. खोलीवर पत्रे आहेत, हे आधी सांगून ठेवतो. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

आठवड्याभरात पहाटे पहाटे पतंग बाहेर पडले. नर सारखे पंख फडफडवत गोल फिरणारे, मादी जाडजूड, जागची हलेना. दोन जोड्या जुळल्या. नंतर दोन्ही माद्या वेगवेगळ्या कागदांवर ठेवल्या आणि वर प्लास्टिकचे ग्लास उपडे घातले. दोघींनीही भरपूर अंडी घातली. तिसऱ्या दिवशी एका कागदावरची अंडी करडी-काळसर झाली. दुसऱ्या कागदावरची पिवळीच राहिली आणि आठवड्यानं त्यांना खळगे पडले.

तो मुलगा म्हणाला, "सर, ही मादी वांझ हाय."

वर्ग हसला. दोन-तीन मुलींनी खाली बघितलं. मी पटकन बोलून गेलो, "मादीच का रे? नराला कोणी विचारलं का?" बोललो खरं, पण पुढचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. नर फडफडत होता, जोडी तासन् तास जुळलेली होती. मग कमी काय पडलं? ते शोधायला मी मे महिना घातला. त्यातून जे हाती लागलं ते पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीच्या आत दडलेलं निघालं. म्हणून हा लेख.

आधी आपल्या जिल्ह्याचं थोडं. जालन्यात २०१८ साली बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. राज्यातली ती पहिली कोष बाजारपेठ. त्याआधी आपले शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरमला जायचे. आता कोष विकायला जवळची जागा आहे, पण सगळा धंदा उभा आहे तो अंडीपुंजांवर. एक मादी साधारण चारशे ते पाचशे अंडी घालते आणि शेतकरी शंभर, दोनशे अंडीपुंजांच्या हिशेबानं चॉकी अळ्या आणतो. अंडी फलित नसतील तर तुतीचा पाला कितीही हिरवा असो, चंद्रिकेवर कोष येणार नाही. किड्याची प्रजननक्षमता हा आपल्याकडं घरखर्चाचा विषय आहे.

आता पाठ्यपुस्तक. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ, आनुवंशिकता व उत्क्रांती. डीएनएपासून प्रतिलेखनानं आरएनए, आरएनएपासून भाषांतरणानं प्रथिन. मी ही साखळी वर्षानुवर्षं एका बाणानं फळ्यावर काढत आलो. मुलं पाठ करतात, मार्क मिळतात. पण तो बाण फार सरळ आहे.

मी वर्गात सातबाराचं उदाहरण देतो. मूळ दप्तर तलाठ्याकडं. ते गावभर फिरत नाही. फिरते ती नक्कल. बँकेत, सोसायटीत, कोर्टात नक्कलच जाते. डीएनए म्हणजे दप्तर आणि आरएनए म्हणजे नक्कल, इथपर्यंत मुलांना लगेच कळतं. पुढं विचारायचं: नक्कल काढली म्हणजे कर्ज मिळालं का? सगळे एका सुरात "नाही" म्हणतात, कारण घरी अनुभव असतो! नक्कल फायलीत पडून राहू शकते. एखादं पान गळू शकतं. कोणी ती फाडू शकतं. किंवा बरोबर माणूस ती बरोबर टेबलावर नेऊन ठेवतो आणि काम होतं.

पेशीत ही कामं करतात ती आरएनएला धरणारी प्रथिनं. अशी प्रथिनं शेकड्यांनी आहेत. काही आरएनए झाकून ठेवतात, काही एका जागेवरून दुसरीकडं नेतात, काही कच्च्या नकलेतले तुकडे कापून उरलेले जोडतात, काही नक्कल नष्ट करतात. शरीरात सगळीकडं त्यांचं काम चालतं, पण अंडं आणि शुक्राणू बनताना त्यांच्यावाचून चालतच नाही. कारण साधं आहे. अंडं घातल्यावर सुरुवातीच्या काळात गर्भाचं स्वतःचं डीएनए जवळजवळ गप्प असतं. तेव्हा जे काही चालतं ते आईनं आधीच भरून ठेवलेल्या आरएनएवर. शुक्राणू तयार होताना शेवटी डीएनए इतकं घट्ट आवळलं जातं की त्याच्यावरून नवी नक्कल निघणं थांबतं. मूळ दप्तर बंद असताना कारभार नकलांवर चालवायचा, म्हणजे नकला सांभाळणाऱ्याला महत्त्व येणारच.

रेशीमकिड्याच्या मादीच्या पोटात अंडं कसं भरतं ते मला फार आवडलं. एका पेशीचे विभाजन होत होत आठ पेशी होतात, एकमेकींना बारीक नळ्यांनी जोडलेल्या. त्यांतली एक अंडं होते. उरलेल्या सात बहिणी आपल्याजवळचं आरएनए आणि प्रथिनं त्या नळ्यांतून आठवीत ओततात आणि शेवटी स्वतः संपून जातात. फळमाशीत अशा बहिणी पंधरा असतात. हे आरएनए नुसतं ओतलं तर गोंधळ होईल. कोणतं अंड्याच्या कोणत्या टोकाला बसायचं आणि कोणतं कधी वाचायचं, हे धरणारी प्रथिनं ठरवतात.

यातलं एक प्रथिन आहे वासा. फळमाशीत आईकडून वासा मिळालं नाही तर पिल्लात पुढची अंडी किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशीच तयार होत नाहीत. वासा हे नाव स्वीडनच्या एका राजघराण्याचं. ते घराणं पुढं खुंटलं, म्हणून शास्त्रज्ञांनी या जनुकाला ते दिलं. अशा दोषांची एक विचित्र गंमत असते. आईला अंडी होतात, पिल्लं होतात, पिल्लं धडधाकट दिसतात, पण त्या पिल्लांना पिल्लं होत नाहीत. आईच्या जनुकातला दोष नातवंडांच्या जागी दिसतो! हेलन स्परवे या ब्रिटिश संशोधिकेनं १९४८ मध्ये फळमाशीच्या एका जातीत असा प्रकार नोंदवला आणि त्याला इंग्रजीत 'नातवंडंविरहित' अशा अर्थाचं नाव पडलं. याच स्परवेबाई १९५७ मध्ये पती जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासोबत भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या.

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न, नर का मादी.

माणसात एक्स-वाय असतं, रेशीमकिड्यात उलटं. नराची दोन गुणसूत्रं सारखी, झेड-झेड. मादीची वेगळी, झेड-डब्ल्यू. डब्ल्यू असलं की मादी, हे हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये दाखवलं. पण डब्ल्यूवर नेमकं काय आहे ते कोणाला सापडेना. सगळे प्रथिन बनवणारं जनुक शोधत होते आणि डब्ल्यू तर जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी खच्चून भरलेलं. उत्तर आलं २०१४ मध्ये, म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांनी, पुन्हा जपानमधूनच. डब्ल्यूवरून निघतो तो आरएनएचा एक चिमुकला तुकडा, जेमतेम २९ अक्षरांचा. त्यापासून कसलंच प्रथिन बनत नाही. त्याला 'फेम' म्हणतात.

एवढासा तुकडा एकटा काही करू शकत नाही. त्याला हातात धरणारं प्रथिन आहे सिवी. सिवी म्हणजे वॉरंट हातात घेतलेला शिपाई समजा. कोणाला पकडायचं हे त्याला स्वतःला माहीत नसतं. कागदावर जे नाव लिहिलंय त्याच्याशी जुळणारा माणूस तो शोधतो. सिवीच्या हातात फेम असलं की ते 'मास्क' नावाच्या जनुकाची नक्कल शोधतं, कारण अक्षरं तिच्याशी जुळतात, आणि ती कापून टाकतं. मास्कचं काम नर घडवणं. त्याची नक्कल कापली गेली की मादी घडते. नरात डब्ल्यू नाही, म्हणून फेम नाही, म्हणून मास्कची नक्कल शाबूत.

हे सगळं अंडं घातल्यानंतर अगदी सुरुवातीच्या काळात ठरतं. आपल्या पोरानं कोष आणला तेव्हा आतल्या जिवाचं नर-मादी ठरून कितीतरी दिवस झाले होते.

पुढची पायरीही आरएनएवरच. 'डबलसेक्स' या जनुकाची कच्ची नक्कल नर आणि मादी दोघांत एकच निघते. मादीत तिचे मधले दोन तुकडे ठेवले जातात, नरात ते गाळले जातात. एकाच नकलेची दोन वाचनं होतात आणि त्यावरून शरीर नराचं किंवा मादीचं घडतं. हे तुकडे गाळायच्या कामातही आरएनएला धरणारी प्रथिनं लागतात. वर्गात मी यासाठी एक वाक्य लिहितो: 'आज शाळेला सुट्टी नाही आहे.' मग 'नाही' वर बोट ठेवतो. सांगायला अजून काही लागत नाही.

अंडीपुंज बनवणाऱ्या केंद्रात या नर-मादीला फार किंमत असते. संकरित बियाणं हवं असेल तर एका जातीच्या माद्या आणि दुसऱ्या जातीचे नर वेगळे काढावे लागतात, तेही पतंग बाहेर पडायच्या आत. म्हणून कोष कापून आतला प्युपा बघतात. मादीच्या पोटाच्या बाजूला आठव्या वलयावर बारीक फुलीसारखी खूण असते, नराला नवव्या वलयावर ठिपका. साधं भिंग पुरतं. मुलांना हे जरूर करायला लावा. त्या दिवशी मला ही खूण माहीत असती तर प्रश्नाचं उत्तर तिथंच देता आलं असतं.

आता पिवळ्या अंड्यांकडं येऊ.

पतंग आणि फुलपाखरांच्या नरात दोन प्रकारचे शुक्राणू बनतात. एकात केंद्रक असतं, म्हणजे बापाचं डीएनए असतं. दुसऱ्यात केंद्रकच नसतं! तो अंड्याला फलित करूच शकत नाही. आणि बहुतेक जातींत संख्येनं हे रिकामेच जास्त असतात. शंभरावर वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसलं होतं, पण निसर्ग एवढा माल वाया का घालवतो याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

इथं येतं 'सेक्स-लीथल' नावाचं प्रथिन. हेही आरएनएला धरणारं. फळमाशीत ते नर-मादी ठरवतं, आणि खूप दिवस सगळ्यांना वाटायचं की इतर कीटकांतही त्याचं तेच काम असेल. रेशीमकिड्यात ते काम फेम आणि मास्क करतात हे आपण पाहिलं. मग हे इथं कशाला? २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी रेशीमकिड्यातलं हे जनुक बिघडवून बघितलं. नर नरच राहिले, फडफडले, जोडीही जुळली. पण अंडी फलित झाली नाहीत. तपासल्यावर दिसलं की केंद्रक नसलेले शुक्राणू नीट बनतच नव्हते. केंद्रक असलेले होते, पण ते मादीच्या शरीरात पहिल्या पिशवीतच अडकून पडले. शुक्राणू साठवायची जी पुढची पिशवी असते, जिथून ते अंड्यापर्यंत पोचतात, तिथं ते गेलेच नाहीत. रिकामे शुक्राणू भरलेल्यांना वाट करून देतात, असा त्याचा अर्थ.

नंतरचा एक प्रयोग तर मी वर्गात गोष्टीसारखा सांगतो. एका नरात सेक्स-लीथल बिघडलेलं, म्हणजे रिकामे शुक्राणू कामाचे नाहीत. दुसऱ्या नरात वेगळंच जनुक बिघडलेलं, त्याचे केंद्रकवाले शुक्राणू कामाचे नाहीत. दोघंही नर वंध्य. एकाच मादीचं या दोघांशी एकापाठोपाठ मीलन घडवलं. अंडी फलित झाली! एकाकडं वाट करून देणारे होते, दुसऱ्याकडं डीएनए नेणारे. मुलांना इथं थांबवून विचारावं: पिल्लांचा बाप कोण? वाद होऊ द्यावा. उत्तर सेक्स-लीथल बिघडलेला नर हेच येतं, पण तिथवर पोचायला पोरांना पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं फार चांगली जातात.

आमच्या पिवळ्या अंड्यांच्या नरात जनुक बिघडलेलं होतं असं मी म्हणत नाही. माझा संशय पत्र्यांवर आहे. रेशीमकिडा कोष विणताना आणि प्युपा असताना बाहेर फार उष्णता असली की नर वंध्य होतात, हे रेशीम बियाणं करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शुक्राणू त्याच काळात घडत असतात. दुबार जाती तर उन्हाला जास्तच नाजूक. जालन्याचा एप्रिल, वरून पत्रे, चाळीसच्या पुढचं तापमान. बियाण्याच्या कोषांना थंड खोली का लागते, ते यावरून कळावं. मादीनं तिचं काम केलेलं होतं. अंडी पूर्ण होती, संख्येनंही कमी नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी हे वर्गाला सांगितलं. 'वांझ' म्हणणारा मुलगा म्हणाला, "म्हंजी दोष नरात असू शकतो." मी म्हणलं, किड्यात तर असतोच. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "आणि माणसात, सर?" माणसातही असतो, मी सांगितलं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत बऱ्याचदा कारण पुरुषाकडं असतं किंवा दोघांकडं थोडं थोडं असतं, आणि पुरुषाची तपासणी बाईच्या तपासणीपेक्षा सोपी असते. त्यावर वर्गात कोणी हसलं नाही. पालकहो, हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्या घरांत तपासणीला आधी कोण जातं, ते तुम्हालाही माहीत आहे.

जाता जाता कापसाचं. गुलाबी बोंडअळी हाही पतंगच, म्हणजे तिच्या नरातही हे दोन प्रकारचे शुक्राणू असतात. कोषवाल्याला किडा प्रजननक्षम हवा, कापूसवाल्याला वंध्य. बीटी कापसाला आपल्याकडं २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढं बोंडअळीनं त्याला दाद देणं बंद केलं आणि २०१७ च्या हंगामात आपल्या शेतकऱ्यांनी काय भोगलं ते सांगायला नको. अमेरिकेत बीटीच्या जोडीला कारखान्यात वाढवलेले, किरणोत्सारानं वंध्य केलेले पतंग शेतांवर सोडले. रानातले पतंग त्यांच्याशी जुळायचे आणि अंडी फुकट जायची. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. किरणोत्सारात एक अडचण आहे. मात्रा जास्त झाली की पतंग अशक्त होतो आणि रानातल्या नरापुढं टिकत नाही. म्हणून आता संशोधकांची नजर सेक्स-लीथलसारख्या जनुकांवर आहे. नर सशक्त राहावा, जुळावा, फक्त शुक्राणू कामाचे नसावेत. हे अजून प्रयोगशाळेत आहे. आपल्या शेतात आज आहेत ते कामगंध सापळे. त्यांचं मूळही रेशीमकिड्यातच, कारण १९५९ मध्ये ब्युटेनांट यांनी पहिल्यांदा ओळखलेला कामगंध रेशीमकिड्याच्या मादीचाच होता.

हा प्रयोग शाळेत करणार असाल तर दोन गोष्टी. पांढऱ्या कोषाच्या दुबार जातीचेच कोष घ्या. काही जातींची अंडी फलित असूनही करडी न होता दहा-बारा दिवसांत उबतात, मग मुलांचा गोंधळ होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ही अंडी घरच्या संगोपनासाठी कोणालाही देऊ नका. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून पाच वर्षं यावर काम करून प्रत्येक मादी पतंग अंडी घातल्यावर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची पद्धत बसवली, ती आजही बियाणे केंद्रात चालते. आपल्याकडं ती तपासणी नाही. निरीक्षण संपलं की अंडी उकळत्या पाण्यात टाका.

ऑगस्टमध्ये पाऊस लागल्यावर आम्ही पुन्हा कोष आणले. या वेळी खोकं मुख्याध्यापकांच्या खोलीत, जमिनीवर, ओल्या पोत्याशेजारी ठेवलं. प्युप्यांवरच्या खुणा बघून मुलींनी नर-मादी वेगळे केले आणि प्रत्येक जोडीच्या कागदावर आधी नराचा क्रमांक लिहिला, मग मादीचा.